दोन सेकंदांची फट

सर्व नातेवाईक, व्याही-विहिणी, मंडपवाले, आवाजवाले आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशा तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या घराण्याच्या इज्जतीला एकूण सोळा सेकंदांचं भगदाड पडलं होतं. ते मी माझ्या स्वतःच्या हातांनी, घरच्या कॉम्प्युटरवर, रविवारी दुपारी जेवण झाल्यावर पाडलं. आणि पाडताना मी भलताच खुशीत होतो.

आता सविस्तर.

माझे धाकटे चुलते, म्हणजे आमचे काका, राजूरजवळच्या आमच्या गावी राहतात. काकांची ख्याती एकाच गोष्टीसाठी, ती म्हणजे मंगलाष्टका. आमच्या भावकीतलं एकही लग्न त्यांच्या आवाजाशिवाय लागलेलं नाही. माझंही नाही. अष्टक म्हटल्यावर आठ असायला हव्यात, पण काकांच्या नऊ होत्या. नववी त्यांनी स्वतः रचली होती आणि तिच्यात मुहूर्ताचं महत्त्व सांगितलं होतं.

पण आवाजापेक्षाही मोठी होती त्यांची पद्धत. तुम्ही आमच्याकडच्या लग्नाला आला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल की एक मंगलाष्टक संपून दुसरं सुरू व्हायच्या आत जी क्षणभर शांतता होते, ती फार धोक्याची. त्या शांततेत कुणाची तरी मावशी, कुणाची तरी आत्या, पर्समधून घडी घातलेला कागद काढून माइकपाशी येते. तिने स्वतः रचलेलं कडवं असतं. त्यात नवऱ्यामुलाच्या पणजोबापासून सर्वांची नावं असतात. एक आली की दुसरी येते. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून येतात, नवरानवरी हार धरून ताटकळतात, आणि मुहूर्त भिंतीवरच्या घड्याळातून मुकाट निघून जातो.

काकांनी यावर तोड काढली होती. ते फट ठेवायचेच नाहीत. 'सावधान'मधला शेवटचा 'न' लांबवायचा, लांबवायचा, आणि त्याच सुरावर पुढच्या मंगलाष्टकाचा पहिला शब्द चढवायचा. श्वास ओळीच्या मध्ये कुठेतरी चोरायचा, सांध्यावर कधीच नाही. नऊच्या नऊ अशा एका दमात. माझी सख्खी मावशी पाच लग्नांत कागद घेऊन उठली आणि पाचही वेळा तशीच जाऊन बसली. तिने शेवटी त्या कागदात बडीशेप बांधली.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी कुणीतरी काकांना जालन्याला आणून, मस्तगडात एका दुकानाच्या माडीवर स्टुडिओ होता, तिथे त्यांच्या नऊही मंगलाष्टका ध्वनिमुद्रित करून घेतल्या. त्याची एक सीडी झाली. एकच. स्टुडिओवाल्याने सोयीसाठी तिचे नऊ भाग पाडले होते, म्हणजे पाहिजे ते मंगलाष्टक बटण दाबून लावता यावं. पण ऐकताना नऊ भाग आहेत हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. गाणं सलग वाहायचं.

दोन वर्षांपूर्वी काकांच्या घशातली गाठ काढली. गाठ गेली, आणि जाताना आवाजही घेऊन गेली. आता ते बोलतात म्हणजे लोखंडी पेटी फरशीवरून ओढल्यासारखा एक आवाज येतो. तोही थोडाच वेळ. वाक्य मोठं असेल तर उरलेलं हातवाऱ्यांनी पूर्ण करतात.

आणि अशात त्यांच्या नातीचं लग्न ठरलं. घरातलं लग्नाचं राहिलेलं शेवटचं लेकरू.

मुलगा वडीगोद्रीचा. मुलगा चांगला, घर चांगलं, सगळं चांगलं. फक्त मुलाला एक आत्या होती. साखरपुड्याला या आत्याबाईंनी जेवणाच्या पंगतीतच जाहीर केलं, "आमच्याकडून मी म्हननार मंगलाष्टका. वही भरून ठेवलीय. लोकं सांगतेत, तुमच्याकडं कुनाला शिरूच देत न्हाईत म्हनून. मी बी पाहते. फट दिसली की मी शिरलेच समजा!"

सगळे हसले. काका हसले नाहीत. पंगत उठल्यावर त्यांनी माझा हात धरून मला कडुनिंबाखाली नेलं आणि म्हणाले, "सीडी लावायची माझी. बराबर?"

"बराबर, काका."

"फट न्हाई पाहिजे."

एवढं बोलून त्यांना खोकला आला. पण मला पुरेसं कळलं होतं. गेलेल्या आवाजाबद्दल हा माणूस दोन वर्षांत एक अक्षर बोलला नव्हता. आता नातीच्या लग्नात तो आवाज एकदा, शेवटचा, पूर्वीसारखा सलग लागायला हवा होता. एवढंच मागणं होतं, आणि ते माझ्याकडे होतं, कारण आमच्या खानदानात सीडी लिहिणारा कॉम्प्युटर फक्त माझ्या घरी शिल्लक होता.

अडचण अशी की मूळ सीडी म्हातारी झाली होती. काकू ती पदराने पुसायच्या. एकदा तिच्यावर दुधाचा पेलाही ठेवला होता. काकांच्या प्लेअरवर ती तिसऱ्या मंगलाष्टकात अडकून "सा, सा, सा" करत बसायची. मी म्हणालो, मोबाइलवर घेऊन स्पीकरला जोडू. काकांनी मान ठाम हलवली. मागे एका पुतणीच्या लग्नात मोबाइलवरून सनई लावली होती, आणि ऐन अंतरपाटाच्या वेळी त्या मोबाइलवर एका बाईचा फोन येऊन "आपण जमिनीत गुंतवणूक करू इच्छिता का?" असं अख्ख्या मांडवाला विचारलं गेलं होतं. तेव्हा मोबाइल नाही. पेनड्राइव्ह दाखवला, तर काकांनी तो दोन बोटांत धरून परत दिला. सीडी म्हणजे सीडी. कार्यालयात सीडीचा प्लेअर होता, तो काकांनी स्वतः जाऊन पाहून ठेवला होता.

तर रविवारी दुपारी मी कॉम्प्युटरसमोर बसलो. हा कॉम्प्युटर आमची मुलगी कॉलेजात असताना घेतला. ती आता पुण्याला नोकरी करते आणि तो इथे निवृत्त जीवन जगतो. चालू करताना पिठाच्या गिरणीसारखा आवाज होतो. मूळ सीडी त्याने कुरकुरत का होईना पूर्ण वाचली, त्याचे नऊ भाग पोटात घेतले, आणि कोऱ्या सीडीवर लिहून बाहेर दिले. ट्रे असा ऐटीत पुढे आला की मी नमस्कारच केला.

नवी सीडी स्वयंपाकघरातल्या छोट्या प्लेअरवर लावली. काकांचा तो जुना, भरदार आवाज. बायकोही पोळी लाटायची थांबली. पहिलं मंगलाष्टक संपत आलं, "साव-धा-न" असा सूर लांबला... आणि तुटला.

शांतता.

मग दुसरं मंगलाष्टक सुरू झालं, जणू काही घडलंच नाही.

"लाइट गेल्ती का?" मी विचारलं.

"पंखा चालू आहे की," बायको म्हणाली.

दुसरं संपलं. पुन्हा तेच. मी घड्याळ लावून मोजलं, बरोबर दोन सेकंद. आठही सांध्यांवर दोन-दोन सेकंद! मूळ सीडीत नसलेली शांतता नव्या सीडीत आली कुठून? मी गोंधळलो. नक्कल करताना काही कमी होईल हे समजू शकतो. आपल्याकडे कशाचीही नक्कल केली की काहीतरी कमीच होतं. पण इथे जास्तीचं झालं होतं, आणि जास्तीचं काय, तर काहीच नाही!

बराच शोध घेतल्यावर लिहिण्याच्या खिडकीत एक बारीकसा चौकोन सापडला. त्यात दोन आकडा होता. दोन गाण्यांच्या मध्ये दोन सेकंद गप्प बसायचं हे कॉम्प्युटरने परस्पर ठरवलेलं होतं. मी तो आकडा खोडून शून्य केला, दुसरी सीडी लिहिली, आणि या वेळी मनाला धाकधूक नको म्हणून तिथेच कॉम्प्युटरवर लावली.

सलग! एका सांध्यातून दुसऱ्यात सूर असा घरंगळला की मी खुर्चीवरून उठून हात वर करून एक गिरकी घेतली. "अगं, जरा इकडं ये!" मी बायकोला हाक मारली. ती आली, तिने ऐकलं, आणि विजयोत्सव म्हणून तीच सीडी स्वयंपाकघरात नेऊन लावली.

तिकडे फट.

पुन्हा कॉम्प्युटरवर लावली. सलग. स्वयंपाकघरात फट. मी सीडी घेऊन माजघर ओलांडत इकडून तिकडे सहा फेऱ्या मारल्या. जणू त्या दोन सेकंदांची वस्ती आमच्या स्वयंपाकघरातच होती. मग मला एक अफाट कल्पना सुचली. पहिली, म्हणजे नापास झालेली सीडी कॉम्प्युटरवर लावून पाहिली. तीही सलग! मी थक्क झालो. मघाशी आजारी असलेली सीडी तासाभरात आपोआप बरी झाली होती.

"तुमचा कॉम्प्युटर खोटं बोलून राह्यला," बायको म्हणाली.

"एवढं मोठं यंत्र खोटं बोलेल? तुझ्या प्लेअरचंच काहीतरी. जुना झालाय तो."

"तो कॉम्प्युटरपेक्षा दोन वर्षांनी नवा आहे."

या मुद्द्यावर मी चर्चा थांबवली.

खरं काय होतं ते मला लग्नानंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, उगाच माझ्यासारखे गोंधळात राहू नका. आमच्या मुलीने कॉलेजात असताना कॉम्प्युटरच्या गाणी वाजवणाऱ्या भागात एक खूण करून ठेवली होती, की एक गाणं संपत आलं की दुसरं त्याच्यावर अलगद चढावं. म्हणजे कॉम्प्युटर माझ्या सीडीतली फट दर वेळी स्वतःच झाकून टाकत होता. आणि माझ्या त्या शून्याचं म्हणाल, तर त्याला कुणी भीक घातली नव्हती. यंत्र एकेक गाणं लिहून मध्ये दम खात होतं. अख्खी सीडी एका दमात लिहायची खूण वेगळी होती, दुसऱ्याच पानावर, आणि त्या पानावर मी गेलोच नव्हतो. काका जे काम तोंडाने करायचे, ते यंत्राला नीट सांगितल्याशिवाय जमत नव्हतं.

पण हे तेव्हा माहीत नव्हतं. मी आणखी पाच सीड्या लिहिल्या. दर वेळी कॉम्प्युटर म्हणाला शाबास, आणि स्वयंपाकघर म्हणालं नापास. एकूण सातांतल्या सहा पुढे शेतात ज्वारीवर पाखरं हाकायला टांगल्या. सातवी, सर्वांत चकचकीत दिसणारी, मी रुमालात गुंडाळली आणि लग्नाच्या दोन दिवस आधी काकांकडे गेलो.

काकांच्या प्लेअरवर लावली. पहिल्या सांध्यावर फट.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी घसा खाकरला आणि अत्यंत अधिकारवाणीने म्हणालो, "सीडी एकदम बरोबर आहे, काका. दोष तुमच्या मशीनचा. म्हातारं झालं ते, त्याला दम लागतो."

बोललो आणि जीभ चावली.  गळ्यावरच्या टाक्यांच्या खुणेवर काकांनी एकदा बोट फिरवलं, मग दोन बोटं वर केली. "दोन?"

"दोनच सेकंद. तेही इथेच. कार्यालयातलं मशीन चांगलं आहे, तिथं फट पडणारच नाही."

"आन् पडली मंग?"

"बिलकुल नाही पडणार!"

काकांनी खूण केली, पुन्हा लाव. मी लावली. मग पुन्हा. मग पुन्हा. प्रत्येक फटीला ते मांडीवर बोटाने हळूच ठोके देत होते. मला वाटलं, म्हातारा आपल्याच जुन्या आवाजात रमलाय. मी निघालो तरी सीडी चालूच होती. ती त्यांनी ठेवूनच घेतली. काकू दारापर्यंत पोचवायला आल्या आणि कपाळावर हात मारून म्हणाल्या, "कशाला आनली रे बाबा ही बला! आता दोन दिस ह्येच चालनार. मला पाठ होईल समदं."

लग्नाच्या दिवशी कार्यालय गच्च. काकांना पाटाजवळ, गुरुजींच्या शेजारी खुर्ची दिली होती. नवा फेटा, हातात अक्षता. समोर एकच माइक. माइकपासून दोन हातांवर वडीगोद्रीच्या आत्याबाई, मोरपंखी साडीत, वही छातीशी धरून, पळायच्या शर्यतीला उभ्या राहतात तशा उभ्या. मी आवाजवाल्याजवळ. सीडी त्या सुप्रसिद्ध चांगल्या मशीनमध्ये.

सुरू झालं. कार्यालयभर काकांचा आवाज घुमला आणि माझ्या अंगावर काटा आला. म्हातारी माणसं एकमेकांना सांगू लागली, "त्यांचाच हाये. तसाच हाये बघा." काका ताठ बसले होते. "साव-धा-न..."

फट.

आत्याबाई शिरल्या. काय चपळाई! दोन सेकंदांत वही उघडून, माइक धरून त्यांनी पहिली ओळ उचललीसुद्धा. आणि तिसऱ्या सेकंदाला सीडीतले काका त्यांच्यावर कोसळले. पण बाई हटणाऱ्या नव्हत्या. काका वर गंगा-सिंधू-गोदावरीला आवाहन करताहेत आणि बाई खाली नवऱ्यामुलाच्या मामांची नावं घेताहेत, असं एक संयुक्त मंगलाष्टक सुरू झालं. गोदावरीच्या पुढे "परतूरचे थोरले मामा" आले. पाहुण्यांना कळेना अक्षता कुणाच्या सावधानला टाकायच्या. त्यांनी दोन्हींना टाकल्या. अंतरपाट धरणाऱ्यांपैकी एकाला वाटलं संपलं, त्याने आपलं टोक खाली सोडलं. नवरदेवाने नवरीला पाहिलं, नवरी हसली, गुरुजी ओरडले, टोक पुन्हा वर गेलं.

मी आवाजवाल्याचा दंड धरला. "फट बंद करा! फट!"

"काय बंद करू? आवाज?"

"आवाज नाही हो! आवाज नसतो ना मधे, ते बंद करा!"

"जे न्हाईच ते कसं बंद करू, साहेब?" तो म्हणाला, आणि मला त्याचं म्हणणं पटलं हीच मोठी पंचाईत.

दुसरी फट. आत्याबाई पुन्हा आत. या वेळी चुलत घराणं. आमच्या बाजूची माणसं माना खाली घालू लागली. माझी मावशी, बडीशेपवाली, माझ्याकडे अशा नजरेने पाहत होती, जणू पाच लग्नांचा हिशेब आज फिटला. मी काकांकडे पाहायचं टाळत होतो. शेवटी पाहिलं, तर खुर्ची रिकामी.

काका उठले होते. हातातल्या अक्षता त्यांनी गुरुजींच्या ओंजळीत ओतल्या, दोन पावलं टाकून माइकपाशी गेले आणि आत्याबाईंच्या शेजारी उभे राहिले. बाई वयाचा मान ठेवून जरा सरकल्या. त्यांना वाटलं असेल, आशीर्वाद द्यायचाय.

तिसरं मंगलाष्टक संपत आलं. "साव-धा-न..." सीडीतला सूर तुटला, आणि जिथे तुटला तिथूनच, त्याच पट्टीत, लोखंडी पेटी ओढल्यासारखा एक खरखरीत 'न' माइकमधून निघाला. एक. दोन. आणि सीडीने पुढचं मंगलाष्टक बरोबर त्याच्यावर चढवलं.

आत्याबाईंचं तोंड उघडं राहिलं. ओळ आतच राहिली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन दिवस मांडीवर दिलेले ते ठोके! पूर्ण मंगलाष्टक म्हणायचं बळ त्यांच्यात नव्हतं. एक ओळही नव्हतं. पण दोन सेकंदांचं होतं, आणि माझ्या सीडीला नेमके तेवढेच लागत होते.

चौथी फट त्यांनी बुजवली. पाचवी बुजवली. प्रत्येक सांध्यानंतर ते माइकच्या दांडीला धरून चोरून श्वास घ्यायचे आणि तोवर सीडीतले तरणे काका किल्ला लढवायचे. सहावी. सातवी. कार्यालय एकदम चिडीचूप झालं होतं. आत्याबाई दर वेळी वाघिणीसारख्या पुढे झुकायच्या आणि दर वेळी तो 'न' त्यांच्या आधी तिथे हजर असायचा.

आठवी, शेवटची. काकांचा चेहरा लाल झाला होता. "साव-धा-न..." सीडी तुटली, त्यांनी सूर धरला, एक सेकंद गेला, दीड गेला, आणि घसा बसला. बाईंनी श्वास घेतला. आणि बायकांच्या घोळक्यातून, मागच्या रांगेतून, एक बारीक, न डगमगलेला 'न' उठला आणि उरलेला अर्धा सेकंद भरून गेला.

काकू होत्या. पदर तोंडाला, डोळे जमिनीकडे. पाठ झालं होतं ना समदं.

नववं मंगलाष्टक वाजलं, मुहूर्ताचं महत्त्व सांगितलं गेलं, अंतरपाट खाली आला, हार पडले, वाजंत्री सुटली. अक्षतांचा असा पाऊस पडला की आवाजवाल्याच्या मशीनमध्येही गेल्या. गुरुजींनी घड्याळ पाहून मान डोलावली. काका खुर्चीत येऊन बसले, धापा टाकत, आणि मला दोन बोटं दाखवली. मी हात जोडले. दुसरं काय करणार?

वाजंत्री थांबली तरी माइक चालूच राहिला होता. आत्याबाई अजून तिथेच उभ्या, वही उघडी, बोट तिसऱ्या कडव्यावर. त्या एकदा मशीनकडे पाहायच्या, एकदा काकांकडे, एकदा मागे काकूंकडे. आणि शेवटी अख्ख्या कार्यालयाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"अगं बाई, पन याच्यात फट हाय तरी कुठं?"